सुकटीचा वास

गळलेल्या कंडेन्सरला, म्हणजे सर्किटमधल्या वीज साठवणाऱ्या छोट्या डबीला, सोल्डरिंग आयर्नचे टोक लागले की मासळीचा वास सुटतो. गेल्या मे महिन्यात रत्नागिरीच्या घरी ओटीवर वर्तमानपत्र पसरून मी हे काम करत बसलो होतो, तेव्हा आतून आईचा आवाज आला, "सुकटीचा डबा उघडा राहिलाय का रे? मांजर फिरतंय." डबा बंद होता. वास येत होता तो माझ्यासमोर उघड्या पडलेल्या तीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेममधून. कंडेन्सरच्या आत कागदाच्या गुंडाळीत जे द्रावण मुरलेले असते, ते रबरी बुचाच्या कडेने झिरपून बाहेर येते, सर्किटच्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेघांवर पसरते आणि तापले की असा दर्प सोडते. कोकणात वाढलेल्या माणसाला या बिघाडाचे निदान मल्टिमीटरच्या आधी नाकाने करता येते, एवढा एक फायदा माझ्या वाट्याला आला आहे.

ते यंत्र मामाने १९९५ च्या दिवाळीत मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणले होते. खोक्यावर कंपनीचे धड नाव नव्हते. चमकदार अक्षरांत काहीतरी इंग्रजी छापलेले होते आणि त्यातही स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. आम्ही त्याला 'व्हिडिओ गेम' म्हणत असू. यंत्राचे नावही तेच आणि त्यावर खेळायच्या खेळाचे नावही तेच. वरच्या खाचेत खुपसायच्या पिवळ्या डबीला 'कॅसेट' म्हणायचे आणि हातात धरायच्या कंट्रोलरला 'रिमोट'. कॅसेटवर '९९९ इन १' असे लिहिलेले असे आणि यादी पुढे सरकवत गेले की पंधरा-वीस खेळांनंतर तेच खेळ वेगळी नावे घेऊन पुन्हा भेटू लागत. हा सगळा प्रकार म्हणजे जपानी 'फॅमिकॉम'ची नक्कल होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. निन्टेन्डोने मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली तयार केलेला फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आला, आणि पुढे त्याच्या नकला आशियाभर, पूर्व युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत पसरल्या. आमच्या पिढीतल्या ज्या मुलांच्या घरी व्हिडिओ गेम आला, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी आली ती नक्कल. मूळ यंत्र फार थोड्यांनी पाहिले असेल.

आईचा त्या यंत्रावर पहिल्या दिवसापासून राग होता, पण त्याचे कारण अभ्यास हे नव्हते. व्हिडिओ गेमने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते, अशी बातमी आमच्या आळीत पसरलेली होती. टीव्ही हप्त्यांवर घेतलेला होता आणि त्याचे शेवटचे चार हप्ते अजून फिटायचे होते. त्यामुळे अर्धा तास झाला की आई येऊन टीव्हीच्या मागच्या जाळीवर तळहात ठेवून बघत असे, आणि गरम लागला की खेळ बंद. या भीतीत अगदीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. एकच स्थिर चित्र महिनोन्महिने दाखवत राहिले तर नळीच्या आतल्या लेपावर त्याचा डाग कायमचा उमटतो. व्हिडिओ पार्लरमधल्या जुन्या पडद्यांवर बंद अवस्थेतही दिसणारे असे डाग मी पाहिलेले आहेत. दिवसाला अर्धा तास खेळून मात्र तसे होत नाही. आता मला गंमत वाटते ती याची, की टिकण्याबद्दलची सगळी काळजी टीव्हीच्या वाट्याला गेली. नऊशे रुपयांचा व्हिडिओ गेम किती वर्षे चालेल, हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नाही, कारण तो टिकावा म्हणून कोणी आणलेलाच नव्हता.

तो पहिल्यांदा बंद पडला तो दीड वर्षाने. सोबत आलेला एलिमिनेटर, म्हणजे घरातली वीज कमी व्होल्टची करून देणारा अडॅप्टर, आधीच जळला होता, म्हणून आम्ही बाजारातून तो सगळ्या उपकरणांना चालणारा एलिमिनेटर आणला होता, ज्याच्या अंगावर ३ पासून १२ व्होल्टपर्यंतची सरकती कळ असते. कळ नऊवर ठेवायची होती. धाकट्या भावाने ती बारावर नेली, कारण जास्त व्होल्ट दिले तर मारिओ जास्त जोरात धावेल अशी त्याची अटकळ होती. मारिओ दोन-तीन दिवस नेहमीच्याच वेगाने धावला आणि मग पडदा काळा झाला.

बाजारपेठेत टीव्ही दुरुस्तीचे एक छोटे दुकान होते. तिथल्या काकांनी स्क्रू काढले, आतल्या तीन पायांच्या एका काळ्या आयसीला बोट लावले आणि चटका बसल्यासारखे झटकन मागे घेतले. त्या आयसीवर ७८०५ हा आकडा होता. "हा वॉचमन आहे," ते म्हणाले. "दारात नऊ येवोत की बारा येवोत, हा आत पाचच सोडतो. उरलेले स्वतःच्या अंगावर घेतो. नऊ आले तर चार अंगावर, बारा आले तर सात. रोज सात अंगावर घेऊन किती दिवस उभा राहील?" पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकताना लिनिअर रेग्युलेटरवर, म्हणजे असल्याच वॉचमनवर, एक पूर्ण प्रकरण वाचले, पण या चार वाक्यांत जे आले होते त्याहून महत्त्वाचे त्यात काही नव्हते. जादा व्होल्ट उष्णतेच्या रूपाने जातात, आणि भावाने कळ सरकवल्यामुळे ती उष्णता पावणेदोनपट झाली होती. काकांनी नवा ७८०५ बसवला, कुठल्याशा मेलेल्या रेडिओतून कापलेली ॲल्युमिनियमची जाड पट्टी त्याच्या पाठीला स्क्रूने आवळली, पस्तीस रुपये घेतले आणि झाकण लावण्यापूर्वी आतल्या बाजूला बॉलपेनने लिहिले: १४/५/९७, ७८०५. डॉक्टरने केसपेपरवर लिहावे तसे.

गेल्या वर्षी झाकण उघडले तेव्हा ती अक्षरे तशीच होती आणि ती पट्टीही. तो ७८०५ अजून शाबूत आहे. मी मोजला, बरोबर पाच व्होल्ट देतो.

यंत्राचे वय म्हणून जे आपण सांगतो ते खोक्याचे वय असते. आत शिरले की कळते, तिथे एका छपराखाली वेगवेगळ्या आयुष्यांची मंडळी राहत असतात आणि घर पडते ते त्यांच्यातल्या सर्वांत नाजूक माणसामुळे. आमच्या यंत्राचा मेंदू म्हणजे डांबरासारख्या काळ्या राळेचा एक थेंब आहे. फॅमिकॉममध्ये जे काम अनेक वेगवेगळ्या चिप मिळून करत, ते नकला बनवणाऱ्यांनी पुढे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात कोंबले आणि तो तुकडा थेट पट्टीवर चिकटवून वर राळ ओतली. स्वस्तातली ही रीत आहे, आणि तो थेंब बिघडला तर जगातला कोणताही कारागीर तो दुरुस्त करू शकत नाही. तरीही तीस वर्षांत त्याला काही झालेले नाही, कारण त्याला काम फारच थोडे आहे. मूळ फॅमिकॉमचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोक्यांवर चालतो, सोबतीला कामचलाऊ स्मृती २ किलोबाइट, आणि त्याच्या एलिमिनेटरवर छापलेली मर्यादा १० व्होल्ट, ८५० मिलीअँपिअर, म्हणजे फार तर साडेआठ वॅट. एवढ्या विजेत वॉचमन सोडला तर काही तापत नाही. पंखा नाही, फिरणारे काही नाही.

कॅसेटमधला खेळही असाच चिवट असतो. कारखान्यात तयार झालेल्या मूळ कॅसेटमध्ये मास्क रॉम असे. त्यात शून्य कुठे आणि एक कुठे हे चिप घडवतानाच कायमचे ठरवलेले असते. शिलालेखासारखा प्रकार, कोरला की कोरला. नंतरच्या काळातली फ्लॅश स्मृती मात्र विद्युत्भार साठवून लक्षात ठेवते, आणि साठवलेला भार रांजणातल्या पाण्यासारखा कणाकणाने पाझरत असतो. तंत्रज्ञान पुढे गेले म्हणजे टिकाऊपणाही पुढे गेला असे होत नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

कंडेन्सर मात्र अल्पायुषी. त्याच्या अंगावर ८५ अंश असे छापलेले असते आणि साध्या प्रकाराच्या माहितीपत्रकात त्या तापमानाला आयुष्य दिलेले असते २००० तास. दर दहा अंश खाली आले की आयुष्य दुप्पट धरायचे, असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने ४५ अंशांवर तेच आयुष्य ३२,००० तासांवर जाते. रोज तासभर खेळणाऱ्या घराला हे तीन पिढ्या पुरावे. पण माळ्यावर पडून राहिलेला कंडेन्सर तास मोजत नाही, वर्षे मोजतो. बूच सुकत जाते, द्रावण झिरपते, आणि आतल्या ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर विजेचा स्पर्श नसल्याने क्षीण होत जातो. म्हणून जपून ठेवलेली वस्तू वापरातल्या वस्तूपेक्षा आधी म्हातारी झालेली पुष्कळदा दिसते. आमच्या माळ्यावर, उन्हाळ्यात तापणाऱ्या कौलांखाली, ते यंत्र अठरा वर्षे जपून ठेवलेले होते.

कोकणच्या हवेचा हिशेब वेगळा. कॅसेटच्या खाचेतल्या साठ पिनांवर पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक चढला होता. लहानपणी कॅसेट चालली नाही की आम्ही ती काढून तिच्यात जोरात फुंकर मारत असू, आणि पुन्हा खुपसली की ती बहुधा चालत असे. चालायची ती फुंकरीने नव्हे. काढून पुन्हा घालताना पिना एकमेकींवर घासल्या जात आणि मळ तेवढ्यापुरता सरकत असे. फुंकरीतून जात होती ती थुंकीची वाफ, आणि तिने कळंक वाढतच होता. निन्टेन्डोने स्वतः ग्राहकांना फुंकू नका म्हणून बजावले होते, पण ते सांगणे आमच्या आळीपर्यंत पोचण्याचा संभव नव्हता. रिमोट उघडला तेव्हा बटणाखालच्या रबरावरची काळी कार्बनची टिकली झिजून गेलेली दिसली, आणि तिच्या जागी चॉकलेटच्या वेष्टणातली चांदी फेविकॉलने चिकटवलेली. ती मीच चिकटवली होती, सातवीत असताना. अजून काम करते. माझ्या हातून झालेली इतकी जुनी आणि अजून उपयोगी असलेली दुसरी कोणतीही वस्तू आता जगात शिल्लक नाही.

एवढे वाचून कोणी 'जुने ते सोने' म्हणणार असेल तर मला त्याला थांबवले पाहिजे. आपल्याला जुन्यातले जे दिसते ते वाचलेले असते. जे मेले ते भंगारात गेले आणि त्यांच्याबद्दल कोणी ललित लेख लिहीत नाही. खुद्द फॅमिकॉमची सुरुवात सदोष होती. विक्री सुरू झाल्यावर काही महिन्यांतच सर्किटमधल्या दोषामुळे यंत्रे अडकू लागली आणि निन्टेन्डोला ती परत मागवून आतली पट्टी बदलावी लागली. पहिल्या यंत्रांच्या रिमोटवरची चौकोनी रबरी बटणे दाबली की खालीच रुतून बसत. ती जाऊन कडक, गोल बटणे आली. १९८५ मध्ये हेच यंत्र एनईएस या नावाने अमेरिकेत गेले, तेव्हा तिथला व्हिडिओ गेमचा बाजार नुकताच कोसळलेला होता आणि दुकानदार त्या शब्दालाच बिचकत होते. म्हणून त्याला व्हीसीआरसारखे रूप दिले गेले: पुढचे झाकण उघडायचे, कॅसेट आडवी सरकवायची आणि खाली दाबायची. या दिखाव्यासाठी जो ७२ पिनांचा सांधा बनवला, त्याच्या पिना वाकून सैल पडत. त्यात भर म्हणून अनधिकृत कॅसेट रोखणारी एक पहारेकरी चिप आत बसवलेली होती. तिला कॅसेटमधल्या जोडीदार चिपकडून ओळखीची खूण मिळाली नाही की ती यंत्र पुन्हा पुन्हा सुरुवातीला नेई आणि लाल दिवा उघडझाप करत राही. अमेरिकेतली एक पूर्ण पिढी त्या दिव्याकडे बघत मोठी झाली. १९९३ मध्ये निन्टेन्डोने वरून कॅसेट घालण्याचे सुधारित यंत्र काढले आणि त्यातून पहारेकरी काढून टाकला. आमच्या नकला जपानी यंत्रावर बेतलेल्या होत्या, खाच वर होती, पहारेकरी मुळातच नव्हता; त्यामुळे मनीष मार्केटचा माल या एका बाबतीत अमेरिकेच्या अस्सल मालापेक्षा सरस ठरला, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही.

आणि रबरी पट्ट्याची गोष्ट तर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे, कारण ज्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता त्यांनी तो वितळलेला पाहिला आहे. २१ फेब्रुवारी १९८६ रोजी निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉमसाठी डिस्क सिस्टिम आणली. कॅसेटपेक्षा स्वस्त डिस्क, आणि दुकानातल्या यंत्रावर ५०० येन देऊन जुन्या डिस्कवर नवा खेळ लिहून घ्यायची सोय. कल्पना सुरेख होती. डिस्क फिरवायला मात्र आत एक रबरी पट्टा होता, आणि त्याचा काही वर्षांत चिकट, तपकिरी चिखल होतो. त्याच दिवशी, त्याच डिस्कवर 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ प्रथम आला. १९८७ मध्ये तो अमेरिकेत सोनेरी कॅसेटमध्ये गेला, आणि खेळाडूची प्रगती लक्षात ठेवण्यासाठी त्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी एक बॅटरी बसवलेली होती. एकाच खेळाला जपानात पट्ट्याचे मरण आणि अमेरिकेत बॅटरीचे. दोन्ही गोष्टी बदलता येतात, हे खरे. बॅटरी बदलताना जुन्या खेळाची नोंद मात्र पुसली जाते. आणि कुणाच्या तरी गेलेल्या मोठ्या भावाचे नाव त्या यादीत असेल, तर ती बदलायची की तशीच मरू द्यायची, हे ठरवणे सोपे नसणार.

डिस्क सीडीची झाली तेव्हा दुखणी नवी आली. १९९४ च्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या यंत्रांत लेसरची गाडी प्लास्टिकच्या रुळांवर सरकत असे, शेजारीच वीजपुरवठ्याची पट्टी तापत असे, आणि रूळ झिजून लेसर कलला की लोक यंत्र उलटे करून ठेवत. उलटे ठेवले की चाले. या विषयावर आणखी लिहिण्यासारखे फारसे नाही. फिरणारी वस्तू झिजते.

खरा पालट मला दिसतो तो २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये. त्या यंत्राला २०३ वॅटचा वीजपुरवठा होता, फॅमिकॉमच्या जवळजवळ चोवीसपट. एवढी वीज पिणाऱ्या चिप चालू केल्या की तापत, बंद केल्या की थंड होत, आणि या ताप-गारव्याच्या फेऱ्यांत त्यांच्या खालचे आणि आतले सूक्ष्म जोड तुटत. यंत्राच्या पुढच्या वर्तुळातले तीन दिवे लाल झाले की खेळ संपला. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. पुढे २०२१ मध्ये त्याच कंपनीने त्या लाल वर्तुळाचे पोस्टर छापून विकले. विनोदबुद्धीला दाद द्यावी की ग्राहकांच्या विसराळूपणाला, हे मला ठरवता आलेले नाही. त्या काळात अनेक जण बिनशिशाच्या सोल्डरला दोष देत. १ जुलै २००६ पासून युरोपात अशा उपकरणांमध्ये शिशावर बंदी आली आणि नवे मिश्रण जुन्यापेक्षा ठिसूळ होते, हे खरे आहे. पण भंगारातल्या पट्ट्या उघड्यावर जाळून तांबे काढणारी माणसे आपल्या देशात आहेत, ही गोष्ट ठाऊक असल्यावर माझ्याच्याने शिशाची बाजू घेववत नाही.

मला त्या यंत्रापेक्षा लोकांनी त्यावर केलेला उपाय अधिक आठवतो. ते चालू यंत्राला टॉवेल गुंडाळून ठेवत, म्हणजे ते आणखी तापे आणि तुटलेला जोड थोडा वेळ टेके. मग एक-दोन दिवस चाले. फुंकरीचीच ही पुढची आवृत्ती. फरक असा, की फुंकरीनंतर बाजारपेठेतल्या काकांकडे जाता येत होते आणि टॉवेलनंतर कुठेही जाता येत नव्हते. चिपच्या पोटातला जोड तीन पायांच्या वॉचमनसारखा बदलता येत नाही. त्याला यंत्रे लागतात, सूक्ष्मदर्शक लागतो, आणि हे सगळे करून जो खर्च येतो त्यात दुसरे यंत्र येते. निन्टेन्डोने फॅमिकॉमचे उत्पादन सप्टेंबर २००३ मध्ये थांबवले, तरी जपानमध्ये त्याची दुरुस्ती ३१ ऑक्टोबर २००७ पर्यंत चालू ठेवली आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावर बंद केली. चोवीस वर्षे. लाल वर्तुळाची हमी वाढवली गेली तेही हेच साल होते, आणि हा योगायोग मला नेहमी टोचतो.

त्यानंतरची यंत्रे तर स्वतःच्या अंगणातसुद्धा मरत नाहीत. प्लेस्टेशन ४ च्या आत घड्याळ चालवायला एक छोटी बॅटरी आहे, झेल्डाच्या कॅसेटमधल्या बॅटरीची लांबची नातलगच. ती संपली आणि इंटरनेटही नसले तर हातात डिस्क असूनही खेळ सुरू होत नाही, हे लोकांनी प्रयोग करून दाखवले, कारण यंत्राला बक्षिसाच्या चषकावर तारीख घालायची असे आणि तारीख विचारायला कोणी नसे. सप्टेंबर २०२१ मधल्या एका अपडेटने ही अट निघाली. हे अपडेट आले नसते तर कधीकाळी कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर लाखो धडधाकट यंत्रे एका बटण-बॅटरीपायी हळूहळू मुकी झाली असती. खेळ विकणारी ऑनलाइन दुकाने तर बंद होतातच: निन्टेन्डोच्या 'वी' या यंत्राचे जानेवारी २०१९ च्या अखेरीस झाले, वी यू आणि थ्रीडीएसचे २७ मार्च २०२३ रोजी. मी स्वतः एका कंपनीच्या यंत्रावर, तिचे नाव घेत नाही, चार खेळ पैसे मोजून घेतले होते. यंत्राची हार्ड डिस्क बदलताना ते पुन्हा उतरवून घ्यायला गेलो तर माझे खातेच जुन्या ईमेलवर अडकलेले निघाले. मदत केंद्राशी तीन आठवडे पत्रव्यवहार झाला. त्या तीन आठवड्यांत मला सारखे वाटत होते की उठावे आणि कोणाच्या तरी दुकानात जाऊन ते खोके टेबलावर ठेवावे.

हे परावलंबन नवे आहे असे म्हणून मी आधी हळहळत होतो, पण ते तितके खरे नाही. १९९५ ते २००० या काळात जपानमध्ये सॅटेलाव्ह्यू नावाची सोय होती. सुपर फॅमिकॉमला, म्हणजे फॅमिकॉमच्या पुढच्या यंत्राला, जोडले की उपग्रहावरून खेळ उतरत. ठरलेल्या वेळी प्रसारण, काही खेळांना आकाशवाणीसारखी बोलती सोबत. प्रसारण थांबले आणि त्या आवाजांसकट त्यातले पुष्कळसे गेले. जे उरले ते लोकांच्या स्मृती-डब्यांत राहिलेले तुकडे. त्याही मागे गेलो तर १९७२ चा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, राल्फ बेअर यांच्या संशोधनातून आलेला पहिला घरगुती व्हिडिओ गेम. त्यात चिपच नाहीत. सुमारे ४० ट्रान्झिस्टर आणि ४० डायोड. तो दुरुस्त करायला आजही कोणी साधा रेडिओ मेकॅनिक पुरेल. पण त्याला पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक उभी रेघ यांखेरीज काही दाखवता येत नसे, म्हणून मैदान, झपाटलेले घर अशी चित्रे रंगीत पारदर्शक प्लास्टिकवर छापून दिलेली असत आणि ती टीव्हीच्या काचेवर चिकटवायची. काचेला स्थिर विजेने चिकटत. ती चित्रे दोन आकारांची होती, त्या काळच्या टीव्हींच्या मापाची. यंत्र चालेल, ठिपका पळेल, पण झपाटलेले घर लावायला तसली काच कुठून आणायची?

टीव्हीवरची बदके मारायच्या आमच्या खेळण्यातल्या बंदुकीचे तसेच झाले. पाच कंडेन्सर बदलले, पिना घासून कळंक काढला, झाकणाच्या आत जुन्या तारखेखाली नवी तारीख घातली आणि यंत्र उन्हे उतरता उतरता सुरू झाले. नव्या टीव्हीला पिवळ्या पिनेची जागा नव्हती, म्हणून एचडीएमआय करून देणारी डबी मधे लावली. मारिओ धावला. मग भाच्याने माझ्या हातातून केशरी बंदूक घेतली आणि बदकांवर नेम धरला. एकही बदक पडले नाही. अगदी काचेला नळी टेकवून मारले तरी नाही.

ती बंदूक काहीच सोडत नाही, ती बघते. घोडा ओढला की एक क्षण पूर्ण पडदा काळा होतो, दिव्यावर नेम धरून कोणी फसवू नये म्हणून, आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. त्याच क्षणी नळीतल्या संवेदकाला उजेड दिसला तर बदक मेले. पिक्चर ट्यूबवर हे त्या त्या क्षणी घडत असे, आणि बंदुकीचे सर्किट त्या पिक्चर ट्यूबच्याच लुकलुकण्यावर बेतलेले असे. सपाट पडदा आणि ती मधली डबी मिळून चित्र थोडे उशिरा दाखवतात. माणसाला ते जाणवतही नाही. पण पांढरा चौकोन येईपर्यंत यंत्राने बघणे संपवलेले असते. बंदूक शाबूत, यंत्र शाबूत, कॅसेट शाबूत. नाही ती आईने रोज हात लावून जपलेली पिक्चर ट्यूब. तो टीव्ही कधी बिघडलाच नाही. २०१३ मध्ये सपाट टीव्ही आला तेव्हा आईनेच तो चालू स्थितीत, वरच्या रुमालासकट, दोनशे रुपयांना भंगारवाल्याला दिला होता.

मी हे सगळे भाच्याला समजावून सांगत असताना ती आतून आली, मांजराला ओटीवरून हाकलले, आणि भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे हात घालून क्षणभर थांबली.

"हा गरम नाही लागत," ती म्हणाली, आणि तरीही घड्याळाकडे पाहिले.